खासगी फोटो कुणी पसरवले तर आधी काय करावं?

मृण्मयी_स

हा धागा माझ्या एका मैत्रिणीसाठी, तिला विचारूनच काढते आहे. तिची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. तुम्हीही कृपया खोदून विचारू नका.

तिचं एक नातं मागेच संपलं. त्या काळात तिने विश्वासाने पाठवलेले फोटो त्या माणसाने आता तिच्याच नावाचं खोटं अकाउंट काढून टाकले आहेत. तिच्या ओळखीतल्या काही जणांना थेट मेसेजमध्येही पाठवलेत. एका सहकारी मुलीने तिला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा तिला कळलं.

मला फोन आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न "तू पण मला मूर्ख म्हणशील का?" हा होता. कारण सख्ख्या बहिणीने ऐकल्या ऐकल्या "असले फोटो काढलेसच कशाला" म्हणून तिला झापलं होतं. त्यानंतर ती घरात कुणाशीच बोललेली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. फोटो काढणं हा तिचा खासगी मामला होता, गुन्हा पसरवणाऱ्याने केला आहे. "काढलेस कशाला" या एका प्रश्नापायी माणसं गप्प बसतात आणि हातातला मोलाचा वेळ निघून जातो.

तर आता आधी काय करायचं? फोटो खरंच काढून टाकता येतात का? पोलिसांत जायचं तर तिथेही तेच प्रश्न विचारतील, अशी तिला भीती आहे. ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी लिहा.

निमिष

सगळ्यात आधी: काहीही डिलीट करू नका आणि त्या माणसाला फोन करून भांडू नका. तो घाबरून अकाउंट बंद करेल, पुरावा जाईल आणि दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू होईल.

स्क्रीनशॉट घ्या, पण नुसत्या फोटोचा नको. अकाउंटचं पूर्ण नाव, पोस्टची लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. लिंका वेगळ्या कॉपी करून ठेवा, कारण प्रोफाइलचं दिसणारं नाव बदलता येतं. ज्यांना मेसेज आलेत त्यांनाही सांगा, मेसेज आला त्या स्क्रीनचा शॉट घ्या, फोटो मात्र पुढे पाठवू नका. हे सगळं झालं की मग रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. क्रम महत्त्वाचा आहे.

वाचनवेडी

शक्य असेल तर हे काम तिच्याऐवजी तुम्ही करा, मृण्मयी. तेच फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघायला लागणं हा वेगळाच छळ असतो. तिला फक्त विचारत राहा, तिच्या नकळत काही करू नका. तिच्या हातून एक गोष्ट आधीच हिसकावली गेली आहे.

बिटबाइट

फोटो काढून टाकता येतात का, याचं उत्तर: बऱ्याच ठिकाणांहून हो, सगळीकडून नाही. पण ती "बरीच ठिकाणं" म्हणजे जिथे तिची ओळखीची माणसं असतात तीच.

स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही साइट बघा. ब्रिटनमधल्या रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइनचे लोक ती चालवतात, डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे आणि जगात कुठूनही मोफत वापरता येते. तिथे फोटो अपलोड होत नाही, हे तिला आधी सांगा, कारण सगळे तिथेच अडखळतात. तुम्ही आपल्याच फोनवरचा फोटो निवडता आणि त्याचा हॅश, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक आकडा, तुमच्या फोनवरच तयार होतो. तेवढाच बाहेर जातो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो पण ठशातून चेहरा काढता येत नाही, तसं. सहभागी कंपन्या तो हॅश आपल्याकडच्या फोटोंशी ताडून बघतात आणि जुळला तर कारवाई करतात. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट आहेत.

मर्यादाही सांगतो. मूळ फोटो जवळ असला तर उत्तम. फोटो खूप कापला किंवा त्यावर मजकूर चिकटवला तर हॅश जुळेलच असं नाही, म्हणून पसरलेल्या प्रत्येक रूपाचा वेगळा हॅश करा. शेवटी एक केस नंबर आणि पिन मिळतो तो जपून ठेवा, हरवला तर परत मिळत नाही. ही सोय १८ वर्षांवरील व्यक्तींच्या फोटोंसाठी आहे. फोटो १८ च्या आतला असेल तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची "टेक इट डाउन" नावाची तशीच सेवा आहे, तिथे नावही द्यावं लागत नाही.

रोखठोक_पाटील

त्या मुलीबद्दल पूर्ण सहानुभूती आहे आणि त्या माणसाला शिक्षा व्हायलाच हवी. तरीही लिहितो. असे फोटो मुळात काढूच नयेत, यापेक्षा खात्रीचं संरक्षण दुसरं नाही. जे फोनमध्ये नाहीच ते फुटणार कसं? मी माझ्या मुलांना हेच सांगतो आणि सांगत राहणार.

चांदणचुरा

@रोखठोक_पाटील, जे काढलेच नाहीत तेही फुटतात हो. आजकाल प्रोफाइलवरचा साधा, अंगभर कपड्यातला फोटो घेऊन बनावट नग्न फोटो तयार करून मिळतो. कपडे बदलण्याच्या खोलीत लपवलेले कॅमेरे असतात. २०१४ मध्ये हॉलीवूडच्या कितीतरी अभिनेत्रींचे फोटो फुटले. ॲपल आणि गूगलच्या नावाने खोटे ईमेल पाठवून त्यांचे पासवर्ड काढून घेतले होते. त्यांनी ते फोटो जाहीर केले नव्हते, आपल्या खासगी खात्यांत ठेवले होते.

रोखठोक_पाटील

बनावट फोटोंचा मुद्दा मान्य. पण त्यामुळे माझा सल्ला चुकीचा ठरत नाही, अपुरा ठरतो.

वाचनवेडी

सल्ला कधी देतो यावर सगळं आहे. घटनेच्या आधी सांगितलं तर ती काळजी, घटनेनंतर तेच वाक्य बोललात तर तो आरोप. आज या धाग्यावर दुसरीच परिस्थिती आहे.

सुलभामावशी

पाटील, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं मला. पण मुलांना फक्त "कधीच करू नका" एवढंच सांगून ठेवलंत तर उद्या काही झालं की ती तुमच्याकडे येणारच नाहीत. बाबांनी सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, म्हणून लपवतील. त्याच्या जोडीला हेही सांगा, की काहीही झालं तरी आधी माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका. मी शाळेत शिकवत होते. आईवडिलांना कळेल या धास्तीने अनोळखी माणसाच्या मागण्या पुरवत राहिलेली मुलं पाहिली आहेत मी. फोटोपेक्षा ती धास्तीच त्यांना जास्त खात होती.

आणि मृण्मयी, तिला रात्री एकटीला ठेवू नका. "सगळं संपलं", "मला तोंड दाखवायला जागा नाही" असं बोलत असेल तर हलक्यात घेऊ नका. सोबत झोपा, आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा.

रोखठोक_पाटील

मावशी, हे पटलं. आजच बोलतो मुलांशी.

कलमदवात

वकिली करते, म्हणून कायद्याचं लिहिते. मैत्रीण भारतात आहे असं गृहीत धरून.

तिला सगळ्यात आधी हे सांगा, की फोटो काढायला किंवा पाठवायला संमती दिली म्हणजे पसरवायला दिली, असं कायदा मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणातच हे लिहिलं आहे: स्त्रीने फोटो घ्यायला संमती दिली असेल पण तिसऱ्या व्यक्तीला दाखवायला दिली नसेल, तर तो दाखवणं हा गुन्हा आहे. आधीच्या दंडसंहितेत हेच ३५४ सी होतं, २०१३ मध्ये आलेलं. म्हणजे "काढलेस कशाला" या प्रश्नाचं उत्तर कायद्याने केव्हाच दिलं आहे. ठाण्यात कुणी विचारलं तर हे स्पष्टीकरण पुढे ठेवा.

शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई हे कलम खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं, प्रसिद्ध करणं, पाठवणं यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. लैंगिक कृतीचं चित्रण पसरवलं तर ६७ ए लागतं, त्यात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत. ही दोन्ही कलमं पीडित पुरुष असला तरी लागू होतात.

आता सगळ्यात उपयोगाचं. २०२१ च्या मध्यस्थांसाठीच्या (म्हणजे सोशल मीडिया आणि तशा साइट्स चालवणाऱ्या कंपन्यांसाठीच्या) नियमांत अशी तरतूद आहे, की कुणाचे नग्न किंवा अर्धनग्न फोटो, तोतया अकाउंट किंवा बनावट फोटो यांची तक्रार आली तर कंपनीने दोन तासांच्या आत ते हटवण्यासाठी पावलं उचलायची (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती). आणि ही तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. म्हणजे मृण्मयी, तुम्ही करू शकता. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता तिच्या साइटवर असतो. रिपोर्टचं बटण दाबून थांबू नका, या अधिकाऱ्याला लिंकांसह ईमेल करा. दखल घेतली नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

पोलिसांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरून करता येते. महिला आणि मुलांच्या बाबतीतली अशी तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते, पण आरोपीवर खटला चालवायचा तर नाव देऊन केलेली उपयोगी. प्रत्यक्ष गेलात तर "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर स्वीकारू नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घेणं बंधनकारक आहे.

निमिष

@कलमदवात, वाचनखूण साठवली. दुसऱ्या कुणी तक्रार केली तरी चालते हे मला माहीत नव्हतं.

दूरदेशी

बाहेर राहणाऱ्यांसाठी भर घालतो. मी इंग्लंडमध्ये आहे. इथे २०१५ पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी "त्रास देण्याच्या हेतूने" पसरवला हे सिद्ध करावं लागायचं, त्यामुळे "मी गंमत म्हणून पाठवला" म्हणून लोक सुटायचे. जानेवारी २०२४ पासून मूळ गुन्ह्यासाठी ती अट गेली, संमती नव्हती हे पुरेसं ठरतं. अमेरिकेत मे २०२५ मध्ये केंद्रीय कायदा झाला आहे, त्यात बनावट फोटोही येतात आणि तक्रारीनंतर ४८ तासांत हटवायचं बंधन आहे. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर नावाचं सरकारी कार्यालयच साइट्सना हटवण्याच्या नोटिसा पाठवतं.

आणखी एक वाट. फोटो तिने स्वतः काढलेला असेल तर त्याचा कॉपीराइट तिचाच. ज्या साइट्स इतर तक्रारींना दाद देत नाहीत त्या कॉपीराइटच्या नोटिशीने बऱ्याचदा हलतात. फक्त त्या नोटिशीत नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून ती वकिलामार्फत पाठवा.

भटका_पक्षी

मी पुरुष आहे आणि माझ्या बाबतीत झालं आहे, म्हणून लिहितो. असे धागे वाचून बरेच पुरुष गप्प राहतात.

ऑनलाइन ओळख झाली, व्हिडिओ कॉल झाला, आणि तो संपल्या संपल्या रेकॉर्डिंग आणि माझ्या मित्रयादीचे स्क्रीनशॉट आले. पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. हात कापत होते. पहिला विचार पैसे देऊन मोकळं व्हायचा आला. थोरल्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "एकदा दिलेस की तू देणारा आहेस हे त्यांना कळेल." पैसे दिले नाहीत. पुरावा ठेवला, ब्लॉक केलं, तक्रार केली, आणि भावाच्या सांगण्यावरून जवळच्या लोकांना मीच आधी मेसेज केला: मला कुणीतरी धमकावतंय, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, रिपोर्ट करा. तो मेसेज टाइप करणं ही त्या दिवसातली सर्वात अवघड गोष्ट होती. पाठवल्यानंतर मात्र त्या माणसापाशी मला घाबरवायला काही उरलं नाही. दोघातिघांना क्लिप गेली. एकानेही मला वाकडं विचारलं नाही.

मैत्रिणीला सांगा, जे लोक तिला ओळखतात ते तिला ओळखतात.

चांदणचुरा

@भटका_पक्षी, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

संपादक मंडळ

सर्वांना विनंती: असे फोटो जिथे टाकले जातात त्या साइट्सची नावं किंवा लिंका चर्चेत देऊ नका. दोन प्रतिसादांतून काढल्या आहेत.

मृण्मयी_स

सगळ्यांचे आभार, एकेक वाचून दाखवलं तिला. भटका_पक्षी, तुमचा प्रतिसाद तिने स्वतः दोनदा वाचला. पुरावे गोळा झाले, हॅश केले, तक्रार अधिकाऱ्यांना ईमेल गेले. उद्या पोलिसांकडे जातोय.

अजून एक शंका. ज्यांना व्हॉट्सॲपवर थेट गेलेत, तिथे हा हॅश चालतो का?

बिटबाइट

नाही. तिथले संदेश मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे ताडून बघायलाच काही नसतं. ज्याला आला त्याने तो मेसेज रिपोर्ट करायचा, स्क्रीनशॉट तुम्हाला द्यायचा आणि फोटो आपल्या फोनवरून काढायचा. गॅलरीत आपोआप साठला असेल तर तिथूनही, आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झाला असेल तर तिथून आणि तिथल्या बिनमधूनही. डिलीट केलेला फोटो बिनमध्ये ६० दिवसांपर्यंत राहतो.

सुलभामावशी

आणि ज्यांना आला त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. "मी फक्त बघितला", "मी फक्त एकाला दाखवला" म्हणणारेच तर पसरवतात. त्या सहकारी मुलीने बाजूला घेऊन सांगितलं, हे योग्य केलं. प्रत्येकाने एवढंच करायचं असतं.

कलमदवात

@सुलभामावशी, अगदी. पुढे पाठवणाऱ्यालाही तीच कलमं लागतात. आणि फोटो १८ वर्षांखालच्या मुलामुलीचा असेल तर फारच सांभाळा. पुरावा म्हणूनसुद्धा स्क्रीनशॉट साठवू नका, कुणाला पाठवू नका. फक्त लिंक आणि अकाउंटचं नाव लिहून घ्या आणि पोलिसांना द्या. असं चित्रण जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो.

तळ्यातमळ्यात

थोडं अवांतर. फोन दुरुस्तीला देताना काय काळजी घ्यावी? माझ्या वहिनीचा फोन स्क्रीन बदलायला दिला तर पासवर्ड लिहून मागितला. तिने दिला नाही तर "मग टेस्ट कशी करणार" म्हणाले.

निमिष

काही सॅमसंग फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन चालवून बघता येतो पण तुमचे फोटो, मेसेज, ॲप दिसत नाहीत. नसेल तर बॅकअप घेऊन फोन रीसेट करून द्या. आणि मेमरी कार्ड आधी काढून घ्या. फोनमधली माहिती सहसा एन्क्रिप्टेड, म्हणजे लॉक उघडल्याशिवाय वाचता न येणारी असते, कार्डावरची बहुतेक वेळा नसते.

चांदणचुरा

यात एक भर. नातं संपल्यावर लोक पासवर्ड बदलतात पण बाकीचं विसरतात. शेअर केलेले अल्बम, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालू राहिलेलं लॉगिन, व्हॉट्सॲपमधली "लिंक्ड डिव्हाइसेस"ची यादी, अकाउंट परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर जो अजून त्याचाच आहे. हे एकेक तपासा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

कुठलंही ॲप फोटोंची परवानगी मागतं तेव्हा सगळी गॅलरी देऊ नका. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइड १४ पासून फक्त निवडलेले फोटो देता येतात.

तळ्यातमळ्यात

धन्यवाद दोघांना. "एकदाच दिसणारा" फोटो तरी सुरक्षित का?

बिटबाइट

स्क्रीनशॉट अडवतो, पण समोर दुसरा फोन धरून फोटो काढला तर काय करणार? समोरच्यावर विश्वास आहे तोवरच सुरक्षित. त्यामुळे पाठवायचाच असेल तर चेहरा, जन्मखूण, टॅटू, ओळखू येणारी खोली फ्रेमबाहेर ठेवा. फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची जागा आणि वेळही असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते.

रोखठोक_पाटील

मुलांशी बोललो. सुरुवातीला दोघं अवघडली. मग थोरलीने सांगितलं, की तिच्या वर्गात एका मुलीचा बनावट फोटो फिरतोय आणि ती मुलगी शाळेत यायची थांबली आहे. आम्ही तिच्या पालकांना भेटलो, हा धागा दाखवला. त्यांनी शाळेला लेखी कळवलं आणि "टेक इट डाउन"वर नोंद केली. बनावट फोटोलाही ते चालतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

सुलभामावशी

पाटील, आता शाळेतल्या पालकसभेत तुम्हालाच बोलवायला सांगते मी. तयारीत राहा!

मृण्मयी_स

पोलिसांत जाऊन आलो. ड्यूटीवरच्यांनी सुरुवात "पण तुम्ही पाठवलेच का" अशीच केली. तिने कलमदवात यांनी सांगितलेल्या स्पष्टीकरणाची प्रिंट टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "हे वाचा." गुन्हा नोंदवला. मी शेजारी बसले होते, बोलले काहीच नाही, तीच बोलली.

खोटं अकाउंट गेलं आहे. दुसऱ्या एका साइटवरचं पानही ईमेलनंतर काढलं. बहीण काल तिच्याकडे राहायला आली. दोघी अजून फार बोलत नाहीत, पण आली आहे.

आता एकच अडलंय. ते पान गेलं तरी गूगलवर तिचं नाव टाकलं की त्याचा छोटा फोटो अजून दिसतो. तो कसा जाईल?

बिटबाइट

गूगलने आपल्याकडे ठेवलेली ती जुनी प्रत आहे, ती दोन प्रकारे घालवता येते. पान खरंच गेलं असेल तर गूगलचा जुना मजकूर काढण्यासाठीचा स्वतंत्र अर्ज आहे, "आउटडेटेड कंटेंट" नावाचा. त्यात पानाची किंवा फोटोची लिंक द्यायची, कारण लिहावं लागत नाही. पान अजून जिवंत असेल तर संमतीशिवाय टाकलेल्या खासगी फोटोंचा वेगळा अर्ज. तो भरताना "अशाच दिसणाऱ्या इतर प्रतीही निकालांतून काढा" हा पर्याय दिसला तर निवडा. बिंगवर वेगळा अर्ज करावा लागतो. आणि तिच्या नावासाठी गूगल अलर्ट लावून ठेवा, काही नवीन आलं तर ईमेल येईल.

फोटोची लिंक घेताना त्या निकालावर उजवं क्लिक करून त्याची लिंक कॉपी करा, वर दिसणाऱ्या शोधपानाची नको. अडलं तर इथे लिहा, मी आज रात्री आहे.